शेवटची तोडणी आणि कुंपणापलीकडचे चष्मेवाले

मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, व्यवसाय पूर्वी बसवाहक आणि सध्या परसबाग, असं लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती माझ्या मुलांना नको इतकी चांगली आहे, आणि हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. शेगडीवर टोमॅटोचं मोठं पातेलं रटरटतंय आणि मधूनमधून उठून ते ढवळावं लागतंय, एवढीच काय ती जबरदस्ती. मला कोणताही आजार नाही. हे वाचून कोणी धावत येऊ नये. आलातच तर रिकाम्या बाटल्या घेऊन या.

यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. मुलाशी कडाक्याचं भांडण झालं त्या संध्याकाळी ते लिहिलं होतं आणि त्यात हे घर बस आगारातल्या मांजरीला दिलं होतं. मांजर आता हयात नाही, आणि मुलगाही तसा वाईट नाही.

कलम १. हे राहतं घर मी माझ्या पगारातून बांधलं. माझ्या पश्चात ते मुलगा आणि मुलगी यांना समसमान मिळावं. मात्र दोघांनी कलम ५ आधी वाचावं, मग काय भुवया उंचवायच्या त्या उंचवाव्यात.

कलम २. बँकेतली ठेव नातीला. तिने ती शिकण्यात घालवावी नाहीतर जग बघण्यात, मला दोन्ही चालेल. फक्त बापाचा सल्ला घेऊ नये. तो प्रत्येक गोष्टीचा इतका विचार करतो की रोपं लावायची वेळ निघून जाते आणि हा अजून वाफे मोजत असतो.

कलम ३. माझी चामडी पिशवी, तिकिटांचा पंच आणि शिट्टी मुलीला. मी नोकरीला लागले तेव्हा आगारातले साहेब म्हणाले होते, "बाईमाणसाच्या शिट्टीनं बस थांबायची नाही." पहिल्याच फेरीला मी अशी शिट्टी मारली की बस तर थांबलीच, मागून येणारा सायकलवालाही पाय टेकून उभा राहिला. माझी मुलगी गुणी आहे, पण चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नाही. ऑफिसात कोणी डोक्यावर बसायला लागलं तर तिने ही वाजवावी.

कलम ४. जाऊबाईंना काहीही नाही. माझा सॉस पाहुण्यांसमोर चाखून "बाजारचा बरा" म्हणाल्या आणि जाताना त्याच सॉसच्या बाटल्या पिशवीत घालून गेल्या. मी दारातून बघत होते. त्यांना काही नाही हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे, आणि लिहिताना मला गुदगुल्या होत आहेत.

कलम ५. परसबाग. मुलाला तिथे फरशी घालून गाडी उभी करायची आहे. बाळा, गाडी रस्त्यावर उभी राहते. टोमॅटो रस्त्यावर उगवत नाही. बागेत कोणीही फरशी, सिमेंट किंवा खडी घालू नये.

आता मुद्द्याचं. कुंपणापलीकडच्या घरात भाड्याने राहणाऱ्या गृहस्थांना आम्ही चष्मेवाले म्हणतो, कारण त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, माझा नवरा त्याच्याही आधी गेला. हंगाम संपत आला की आमचं ठरलेलं भांडण. त्यांचं म्हणणं, कडाक्याची थंडी पडायच्या आत हिरव्यासकट सगळे टोमॅटो काढून घ्यावेत. माझं म्हणणं, झाडाला शेवटपर्यंत आपलं काम करू द्यावं. यंदा रेडिओवर थंडीचा इशारा आला तरी मी हट्टाने हात लावला नाही. दुपारी चष्मेवाले टोपल्या घेऊन सरळ फाटकातून आत आले.

"बाई, तुमचं बरोबर, माझं चूक. आता खाली वाका आणि तोडायला लागा."

इतकं शहाणपणाचं वाक्य माझ्या नवऱ्याला जन्मात सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही वेली रिकाम्या केल्या आणि पायरीवर बसून निवड केली. लालभडक होते ते सॉसला, अर्धेकच्चे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात, हिरवेगार व्हिनेगरच्या बरणीत, आणि फुटलेले तिथेच मीठ लावून आमच्या पोटात. चष्मेवाले प्रत्येक टोमॅटो डोळ्यांजवळ नेऊन तपासत होते. मी म्हटलं, "त्याला नंबर लागलाय का?" तर हसून हसून त्यांना ठसका लागला. मलाही हसू आवरेना. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

मग तसंच हसत त्यांनी सांगितलं की त्यांच्या मालकाने घर विकलं. महिनाअखेरीला ते मुलाकडे जाणार, सहाव्या मजल्यावर. "गॅलरीत कुंडी ठेवू देत नाहीत म्हणे तिथे. चालायचंच."

मी म्हटलं, "बरं."

खचाखच भरलेल्या बसमध्ये "पुढे सरका" म्हणून ओरडण्यात माझी हयात गेली, आणि मी काय म्हटलं तर "बरं"! आत येऊन टोमॅटो चिरायला घेतले तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. टोमॅटोने डोळ्यांना पाणी येत नाही, हे मला ठाऊक आहे.

म्हणून, मागची खोली, स्वयंपाकघर आणि परसबाग यांत राहण्याचा, पेरण्याचा, तोडण्याचा आणि खाण्याचा हक्क मी चष्मेवाल्यांना तहहयात देते. तो त्यांच्याकडून कोणी हिरावून घेऊ नये. वकील झालेली माझी भाची म्हणते, मृत्युपत्रातलं काहीही माझ्या मृत्यूनंतरच लागू होतं. तोवर वाट बघायला आमच्यापैकी कोणीही तरुण नाही. सबब, मधल्या काळाची सोय म्हणून मी त्यांना लग्नाचं विचारते. होय, मृत्युपत्रात. समोर बसून विचारायचं धाडस माझ्यात नाही. ते हो म्हणाले तर मला आनंद होईल. फार आनंद होईल.

लोक काय म्हणतील, असं मुलांनी विचारू नये. "इतकं भांडण कोणी फुकटात करत नाही," असं दूधवाला केव्हापासून म्हणतोय.

कलम ६. भाचीने असंही सांगितलं की साक्षीदाराला वाटा मिळत नाही. साक्षीदार म्हणून जो सही करेल, त्याला मृत्युपत्राने दिलेलं काहीही घेता येणार नाही. म्हणूनच मी चष्मेवाल्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. हा माणूस औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचल्याशिवाय पुढे जात नाही, तेव्हा हेही वाचणारच. त्यांची इच्छा नसेल तर त्यांनी मुकाट्याने सही करावी, सॉसची एक बाटली घ्यावी आणि जावं. कलम ५ मधलं त्यांच्याबद्दलचं सगळं आपोआप रद्द होईल. तेही काही बोलणार नाहीत, मीही कधी विषय काढणार नाही.

कलम ७. माझ्या मृत्यूच्या वेळी फडताळात ज्या बाटल्या असतील त्या सगळ्यांनी वाटून घ्याव्यात आणि खाऊन संपवाव्यात. आठवण म्हणून एकही ठेवून देऊ नये. आठवणीला बुरशी येते.

खाडाखोडीबाबत खुलासा. खाली साक्षीदार क्रमांक दोनच्या जागी जी खाडाखोड आहे ती मी केलेली नाही, पण मला मान्य आहे. चष्मेवाले आले, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मांजरीपाशी हसले. कलम ५ ला थांबले, ते थांबलेच. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. मला बघवेना, मी उठून ढवळायला लागले. मागे कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. झाली सही, म्हटलं. आता बाटली भरून द्यायची आणि तोंड बंद ठेवायचं.

"बाई," ते म्हणाले, "दुसरा साक्षीदार बघा."

मी वळून पाहिलं. त्यांनी स्वतःचं नाव खोडलं होतं. इतक्या वेळा खोडलं होतं की कागद फाटायचा बाकी होता.

त्यांच्याऐवजी जाऊबाईंना बोलावून घेतलं. कलम ४ मुळे त्यांच्याइतकं पात्र माणूस दुसरं नाही. ते वाचून त्या फणकारल्या, कलम ५ वाचून खुर्ची ओढून बसल्या, आणि "अगं बाई, मला आधी का नाही सांगितलंस?" म्हणत सही ठोकली.

स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: शेवटच्या तोडणीनंतरचा पहिला रविवार

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: घरच्या डॉक्टरीणबाई. बाईंची प्रकृती तपासली. बुद्धी ठणठणीत, नाडी आज जरा जोरात. (सही)

साक्षीदार २: ~~चष्मेवाले~~ जाऊबाई. (सही)

खोडलेल्या नावाशेजारी, बारीक अक्षरात: मी साक्षीदार नाही, मी कलम ५ मधला आहे. मागच्या खोलीत उद्याच सामान आणतो.