प्रेरणाच्या मशीनला वाहिलेल्या अक्षता

॥ श्री ॥

ढाणकीजवळून,
कोजागिरीचा दुसरा दिवस

जावईबुवा भगवानराव यांना रामरावाचा हात जोडून नमस्कार. देवाच्या दयेने आमच्या घरी सगळे धडधाकट आहेत, म्हणजे माझा गुडघा सोडून. पण त्याला गेल्या वर्षापासून कोणी घरातला मानत नाही. सोयाबीन निघालं, कापूस फुटायला लागला आहे. तुमच्या पित्ताचं कसं काय? आमच्या बहिणीने, इंदूने, सुरू केलेला आवळ्याचा रस घेता की खिडकीतून टाकता, ते मी विचारत नाही (टाकत असाल तर जागा बदला, खिडकीखालचं लिंबाचं रोप का वाळतं आहे याचा ती शोध घेते आहे). खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही हॅलो म्हणता आणि पुढचं सगळं इंदू बोलते. मला सलग सांगायचं आहे, म्हणून पत्र.

तुम्ही काळजीत असाल, तेव्हा आधीच लिहून टाकतो की काल कार्यक्रम पार पडला, कोणाचा कान फुटला नाही, आणि आज पहाटे मी प्रार्थनेला बसलो तेव्हा देवाकडे मागायचं काही उरलंच नव्हतं. नुसताच बसून राहिलो. आता सविस्तर.

बी.एस्सी. झालेल्या तुमच्या लेकीने, प्रेरणाने, डीजे व्हायचं म्हटल्यावर तुम्ही तिला लॅपटॉप आणि मशीनसकट आमच्याकडे आणून सोडलं. तिच्यासमोर तुमची अट अशी होती की भुलाबाईच्या गाण्यांचा महिना मामाच्या गावी काढायचा, कोजागिरीला चार लोकांसमोर वाजवून दाखवायचं, आणि लोकांनी नावं ठेवली तर मशीन कपाटात आणि पोरगी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. निवाडा मामाने करून कळवायचा. (मग मला गोठ्याकडे नेऊन हळूच म्हणालात, "रामराव, तुम्ही भजनी माणूस. तिचं हे खूळ तेवढं काढा." मी मान हलवली. जावयापुढे मान हलवायची आमच्या घराण्याला सवय आहे, तिचा अर्थ होकार असतोच असं नाही.)

खूळ काढायचं तर ते आधी कळलं पाहिजे, म्हणून मी रोज संध्याकाळी हातपाय धुऊन तिच्याजवळ बसू लागलो. त्यातून जे शिकलो ते लिहितो. नात्यातलं आणखी कोणी पोर उद्या हेच म्हणालं तर तुमच्या उपयोगी पडेल. मशीनवर दोन तबकड्या असतात, पापडाएवढ्या. एकीवरचं गाणं लोक ऐकतात, दुसरीवर पुढचं गाणं तयार ठेवायचं आणि ते फक्त आपण हेडफोनमधून ऐकायचं. दोघांची चाल सारखी झाली की मधला आडवा दांडा सरकवून एका गाण्यातून दुसऱ्यात जायचं. हेडफोन एकाच कानाला लावावा. मी दोन्ही कानांना लावला होता, त्यामुळे प्रेरणाची मामी जेवायला हाका मारत होती ते कळलं नाही आणि त्या दिवशी मला तिथी नसताना उपास घडला. एक कान घरात आणि एक कान अंगणात ठेवून वावरायचं. संसारी माणसाला हे जड जाऊ नये, पण जातं. मोजणी आठाची असते. इथे मी जरा फुशारलो, कारण खंजिरीवर केरवा वाजवणाऱ्याला आठ कोणी शिकवायला नको. पण दुसरं गाणं मनात येईल तिथे घुसवायचं नसतं, पहिल्याचं कडवं संपेपर्यंत थांबायचं असतं, आणि हे थांबणं मला खंजिरीवरही कधी जमलेलं नाही, असं आमचे पेटीवाले म्हणतात.

दोन गाण्यांचे ढोल एकदम वाजू देऊ नयेत. एकाचा खालचा आवाज उतरवावा, मगच दुसऱ्याचा चढवावा, नाहीतर एका खुंट्याला दोन गोऱ्हे बांधल्यासारखं होतं. आवाज लाल दिवा लागेपर्यंत वाढवायचा नाही, कारण तो दिवा म्हणजे आवाज फाटत असल्याची खूण. (मला तो देवघरातल्या दिव्यासारखा वाटायचा, तेवत असला की बरं वाटायचं. हे चूक आहे.) गाणं बनवणं हा आणखी निराळा उद्योग. नवशिक्याने आवाजांचा ढीग गोळा करू नये, थोडेच घेऊन त्यांच्याशी ओळख वाढवावी. प्रेरणाने आमच्या वावरातल्या मळणीयंत्राचा आवाज मोबाईलवर घेतला, त्याचे तुकडे केले, आणि ज्या यंत्राने माझं डोकं उठवलं होतं त्यातून असा ठेका काढला की माझा पाय हलायला लागला. ती म्हणाली, "मामा, पाय." मी म्हटलं, डास आहेत. आणि केलेलं काम दर थोड्या वेळाने साठवून ठेवावं. तिच्या लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, आमच्या लाईटचा नेम नाही, त्यात तिची एक अख्खी दुपार गेली. तेव्हा ती जे शब्द बोलली ते तिच्या आजोळचे नाहीत, एवढंच सांगतो.

आता तानाबाई. तुमच्या हळदीला जिने तुमच्या नाकावर गाणं जुळवलं होतं, तीच. भुलाबाईची गाणी गावात तिच्याशिवाय सुरू होत नाहीत. प्रेरणाने आमच्या ओसरीवर बसवून तिचा आवाज भरून घेतला आणि त्याखाली मळणीचा ठेका लावला. तानाबाईने ते ऐकलं, हेडफोन काढला आणि म्हणाली, "माह्या गाण्यात सोयाबीन काहून काढून राह्यली व पोरी?" प्रेरणाचं तोंड एवढंसं झालं. तानाबाईने नावं ठेवली म्हणजे गावाने ठेवली, हे तिला ठाऊक होतं. रात्री ती मामीला म्हणाली की क्लासची पुस्तकं आणली असती तर बरं झालं असतं. मी ते ऐकलं आणि मला वाईट वाटलं, जावईबुवा. तुमचं काम आपोआप होत होतं, तरी वाईट वाटलं.

म्हणून मी जे केलं ते चांगल्या हेतूने केलं, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा. आमच्या भजनी मंडळात पेटी, मृदंग, खंजिरी, कोणतंही वाद्य पूजेशिवाय लोकांपुढे जात नाही. दसऱ्याला मी ट्रॅक्टरची, फवारणीच्या पंपाची, मामीच्या शिलाई मशीनची पूजा केली, पण प्रेरणाने आपल्या मशीनजवळ मला येऊ दिलं नाही. "मामा, लांबूनच नमस्कार करा," म्हणाली. ते माझ्या मनात राहून गेलं होतं. काल संध्याकाळी देवळात जायच्या आधी ती आंघोळीला गेली आणि मी तबक घेऊन बसलो. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, निरांजन ओवाळताना तुपाचे एक-दोन थेंब पडले असतील. मशीनवर दांडे सरकायच्या खाचा असतात. एकीला अक्षता वाहाव्यात आणि दुसरीला नाही, असा दुजाभाव मला करवेना. शेवटच्या खाचेशी पोचेपर्यंत अक्षता संपल्या. वरचं सगळं पुसून ठेवलं. पूजा झाली हे वाद्याला कळलं म्हणजे पुरे, माणसांना कशाला?

मारुतीच्या देवळापुढे अंगणात दूध चुलीवर होतं, पोरी आणि बाया फेर धरून उभ्या होत्या. तानाबाई फेराच्या मध्ये, हाताची घडी घालून. प्रेरणाने डावीकडून मळणीचा ठेका सुरू केला. छान वाजला. आता दांडा सरकवायचा आणि उजवीकडचा तानाबाईचा भरलेला आवाज बाहेर आणायचा, एवढंच होतं. दांडा हलेना. ठेका नुसताच धडधडत राहिला. मागून पानठेलेवाला ओरडला, "मळणी झाली बापा, आता उफणा!" आणि अंगण हसायला लागलं. मी जवळच होतो. खाचेत कुंकवात माखलेले तांदूळ तुपासकट घट्ट बसलेले मला दिसले. प्रेरणाने वर पाहिलं.

"मामा, पूजा केली?"

मी म्हटलं, "थोडी."

जावईबुवा, मी आयुष्यात देवाचा धावा अनेकदा केला आहे, पण आपणच वाहिलेल्या अक्षता देवाने परत घ्याव्यात म्हणून पहिल्यांदाच केला. पोरीचे डोळे भरले होते, लोक हसत होते, आणि मी मनातल्या मनात हे पत्र लिहायला लागलो होतो. त्याचा शेवट तुम्हाला हवा तसा होता.

तेवढ्यात तानाबाईने गायला सुरुवात केली. मशीन अडकलं हे तिला कळलंच नव्हतं. तिला वाटलं, ठेका वाजतो आहे आणि सगळे आपल्याकडे बघत आहेत, म्हणजे आता आपणच म्हणायचं. तिचं गाणं संथ सुरू होतं आणि कडव्यागणिक पळायला लागतं. तिच्यामागे वाजवून आमच्या मंडळातल्या दोन मृदंगवाल्यांनी हात टेकले आहेत, आणि ती माणसं होती. मशीन तर एकाच चालीने चालतं. प्रेरणाने हेडफोन काढून बाजूला ठेवला. कडेला चाल कमीजास्त करायचा एक उभा दांडा असतो (अक्षता संपल्या त्या इथेच, देवाला काळजी असते), त्यावर तिने बोट ठेवलं आणि नजर तानाबाईच्या पायांवर. पाय जसे पळतील तसा ती ठेका केसाकेसाने पळवत गेली. तानाबाई श्वास घ्यायला थांबली की ठेक्याचा खालचा आवाज काढून घ्यायची, म्हणजे श्वास ऐकू यायचा, आणि शब्द सुरू झाला की परत द्यायची. हे तिला मी शिकवलं नाही. मला येत नाही. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही, माझं लक्ष पानठेलेवाल्याकडे गेलं तेव्हा तो टाळ्यांनी ठेका धरत होता. फेरात बाया वाढत गेल्या, दूध उतू जाईपर्यंत कोणी चुलीकडे पाहिलं नाही.

खिरापत ओळखून वाटून झाल्यावर तानाबाई मशीनजवळ आली. सगळ्या दिव्यांकडे पाहून घेतलं आणि बायांना म्हणाली, "पोरगी आयकते व बाई. बाकीचे निस्ते वाजवतेत." मग माझ्याकडे वळून, "आन् तू रे रामराव, त्या डब्ब्यात खिचडी कायले टाकली?" तेव्हापासून मला गावात कोणी रामराव म्हणत नाही, ते काय म्हणतात ते पत्रात लिहीत नाही.

तेव्हा निवाडा असा. लोकांनी नावं ठेवली हे खरं, पण ती मला ठेवली, आणि तुमच्या अटीत माझा उल्लेख नव्हता. तिचं खूळ मला काढता आलं नाही, जावईबुवा. मान हलवली होती तेवढी परत घेतो. इंदूला आशीर्वाद. तब्येत जपा.

तुमचा,
रामराव

ता.क. मशीन प्रेरणाने उघडून ब्रशने साफ केलं. एक दाणा आत कुठे तरी राहिला आहे, हलवलं की वाजतो. बाकी ठीक.

ता.क. मूळ मुद्दा राहिला. दत्तजयंतीला आमच्या मंडळाच्या भजनाला प्रेरणाची साथ आहे असं मी देवळाच्या फळ्यावर लिहून टाकलं आहे. तिला मशीनसकट चार दिवस आधी पाठवावं, कारण एका गाण्यातून दुसऱ्यात मला अजून नीट जाता येत नाही, आणि पहिलं गाणं मीच वाजवणार आहे.

पुन्हा ता.क. एवढं वाचूनही नाहीच म्हणायचं असेल तर मला कळवू नका, मी ते पोरीला सांगणार नाही. तुम्हीच तानाबाईला सांगा. रविवारी प्रेरणासोबत ती दिग्रसला तुमच्याकडेच येते आहे, तुमच्या तोंडून ऐकायचं म्हणते. जायच्या गाडीची चौकशी तिने केली आहे. परतीच्या गाडीची अजून केलेली नाही.