कडक बाण

पवनी, १४ डिसेंबर १९७८

आज गिरजाबाईचा हेवा वाटला. शाळेत पाणी भरणाऱ्या बाईचा, मला, मुख्याध्यापिकेला.

महिनाभर तिरंदाजीच्या सरावात माझ्या विद्यार्थिनीचे, शेवंताचे, बाण डावीकडे जात होते. तुझं मनगट वळतं, असं मी बजावत राहिले. दोनदा रडवलं तिला. आज गिरजाबाई घागर ठेवून आली. मी निवडलेला जाड बाण तिने दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिला आणि म्हणाली, "बाई, पोरीचं धनुष्य नरम हाय. मंग बाण कायले इतका कडक? हा तं वाकूनच नाही राहिला. वाकला नाही तं डावीकडंच जाईन." मग तिने बारीक बांबूचे तीन बाण तसेच दाबून निवडले. शेवंताने सोडलेले तिन्ही मधोमध लागले.

शेवंता माझ्याकडे वळलीच नाही. "मावशी, पाह्यलं का?" म्हणाली. तीन वर्षं शिकवतेय मी, पण तिच्या तोंडी मी नुसती 'बाई'. दुसरं काय म्हणेल? मी कधी म्हणू दिलं?

घरी येऊन तो जाड बाण मीही अंगठ्यांनी दाबला. खरंच वाकत नाही.

मनगटात दोष नव्हता, हे शेवंताला सांगायला हवं. एकटीला बोलावून सांगेन, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. गिरजाबाई साडेदहाला पाणी भरायला येते. तेव्हाच सांगेन.