तक्त्यातून गाळलेले चार तुकडे

मंगळवार, संध्याकाळ

कॉलेजातल्या सरांचा आणि माझा शोधनिबंध आज नियतकालिकात छापून आला. मी आधी तक्ता पाहिला. पळसफुलांच्या रंगात मी सुती कापडाचे बारा तुकडे रंगवले होते आणि प्रत्येक वीस वेळा धुतला होता. चारांचा रंग उतरला. तक्त्यात आठच आहेत. चार गेले कुठे?

तसाच कॉलेजात जाऊन सरांना विचारलं.

"रडगाणं कोण छापते, भाऊ? तुमचं नाव माझ्या बाजूले छापलं ना!"

"पण फसलेलंही लिहायचं, हे तुम्हीच सांगितलं होतं न जी?"

"तुम्ही तर आमच्यापेक्षा मोठे शास्त्रज्ञ होऊन राहिले!" म्हणाले, आणि हसले.

दहावी नापास मी. असे निबंध शब्दकोश घेऊन, माझा मी वाचायला शिकलो. सरांकडून घेतली ती एकच गोष्ट: फसलेलंही लिहायचं. पटलीही लगेच, कारण माझे विणकर बाबा लुगड्यात धागा चुकला की तिथे लाल दोरा बांधून गिऱ्हाइकाला स्वतः दाखवायचे. सरांना मी बाबांच्याच रांगेत बसवलं. मूर्ख कोण मग?

चार तुकडे. कपाटात आहेत, क्रमांकासकट.

हिने माझ्या नावावर बोट फिरवलं आणि अंक देवापाशी ठेवायला निघाली. मी काढून घेतला.

संपादकांना पत्र लिहिलं. कोणता तुकडा कितव्या धुण्याला फिका पडला, सगळं दिलं. हे छापणार नसाल तर माझं नाव काढा, असंही लिहिलं. तीनदा तपासलं. एकही शब्द सरांना दाखवावासा वाटला नाही.