जाड तारेची चावी

४ मार्च
पुन्हा पक्कड! भरलेला हॉल, वर दिवे, आणि ऑर्केस्ट्रातले आमचे बाबा दोन गाण्यांच्या मध्ये खिशातून पक्कड काढून बेस गिटारची जाड तार पिळतायत. ती तार ताणायच्या चावीचा कान केव्हाच तुटलाय, उरलाय नुसता दांडा. बाकीच्या चाव्यांचे दात झिजलेले. वर गिटारच्या लाकडाला हनुवटी टेकवून डोळे मिटतात. काय ती पोझ! पुढच्या रांगेतली पोरं खिदळत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

५ मार्च
बाबांना म्हटलं, "ऑर्केस्ट्राच्या मालकांकडे नव्या चाव्या मागा. तुमचा हक्क आहे." हसले. काहीही विचारा — हसतात! जन्मभर मागच्या रांगेत उभं राहून दुसऱ्यांच्या गाण्याला टेकू दिला की माणसाचा कणा असाच जात असावा. आईचं तर बोलायलाच नको. मी हॉस्टेलवर असताना तिचा आवाज दुप्पट झालाय. "अजून वाढू का?" हेसुद्धा पलीकडच्या गल्लीला ऐकू जातं. घरात पहिली पदवीधर आली, पण घर आहे तिथेच.

७ मार्च
मालकांना मीच गाठलं. "तुझ्या बाबांचा बेस सुरात नसतो गं. आमचा कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस सांभाळेल. पुढच्या शनिवारचा कार्यक्रम बघतो, मग ठरवू."
कीबोर्डवाला शेजारी च्युइंगम चघळत उभा. याचा डावा हात म्हणे! आधी उजवा तर सुरात येऊ दे.
"दोष चावीचा आहे, माणसाचा नाही," मी म्हटलं.
"बरं बाई. वकील झालीस काय?"
नाही झाले. पण बाबांची जागा जाऊ देणार नाही.

१० मार्च
वाद्यांचं दुकान. दुकानदार म्हणतो, "भावाला पाठव, त्याला कळेल." भाऊ नाही म्हटलं. "मग बाबांना पाठव." आणि एवढा शहाणा माणूस चारही चाव्या एकाच बाजूच्या बांधून देतो! गिटारच्या डोक्यावर दोन इकडे, दोन तिकडे असतात, त्या उलट-सुलट फिरतात — काउंटरमागे केस पिकले, पण हे दिसलं नाही. दोन परत नेऊन त्याच्यापुढे ठेवल्या. मुकाट्याने बदलून दिल्या. वर "मॅडम" म्हणाला!

११ मार्च
जुन्या चाव्या काढल्या. नव्यांची भोकं जुळेनात. जुन्या भोकांत आगपेटीच्या काड्या गोंद लावून ठोकल्या, वाळू दिल्या, मग नवी भोकं पाडली. "काड्या संपव सगळ्या! गॅस काय तुझ्या डिग्रीने पेटवू?" — आई, अर्थात सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.
ताराही नव्या चढवल्या. बाबांनी जाड तारेची चावी दोन बोटांनी फिरवली. किती हलकी! डोळे भरून आले त्यांचे. मला कसंतरीच झालं, म्हणून समोर उभं राहून जरा करड्या आवाजात सांगितलं, "शनिवारी ती हनुवटी लावायची नाही हं. गावंढळ दिसतं. आधी मी फोनवरच्या ॲपवर बघून सूर लावून देईन."
हसले. मान डोलावली.

१२ मार्च
आठवण म्हणून आज हनुवटीचं पुन्हा बजावलं. पुन्हा हसले.

१४ मार्च
सगळं मुसळ केरात!
पहिली दोन गाणी उत्तम. मालकांनी माझ्याकडे बघून मानसुद्धा हलवली. नव्या तारा वाजवता वाजवता उतरतात, मध्ये पुन्हा ताणाव्या लागतात — हे काय मी शिकवायचं त्यांना? बाबांनी चावी फिरवली. थांबले. आणखी फिरवली. हनुवटी खाली जाता जाता वर आली, माझ्याकडे बघितलं. आणि वाजवायला लागले — भलत्याच सुरात! अख्खं गाणं! गायिका वळून वळून बघतेय, कीबोर्डवाला दात काढतोय, आणि बाबा? हसतायत!
मालक म्हणाले, "चाव्या तर नव्या होत्या ना गं?"
घरी येताना बाबांच्या चार पावलं पुढे चालत राहिले. इतके दिवस मी कुणासाठी राबले? ज्याला आपल्या जागेची पर्वा नाही त्याच्यासाठी?

१५ मार्च
बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मागून हाक मारली. वळले नाहीत. रागावलेत, वाटलं. गिटार स्पीकरला जोडून जाड तार छेडली — मुद्दाम, जोरात. कपाटाची काच थरथरली. ते हलले नाहीत.
आईने येऊन माझा हात धरला. घरी आल्यापासून पहिल्यांदा तिला हळू बोलताना ऐकलं. "मागून नाही गं. समोर जा."
समोर गेले. गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. जाड तार छेडली, तशी लाकडाची थरथर माझ्या तळहातात उतरली.
"बाबा," मी ओरडून म्हटलं, "हनुवटी लावा."