सित्र्याची ओहोटी

आबा, तिकडे गावाला तुम्हाला अग्नी देत होते, तेव्हा इकडे बहारीनमध्ये मी खेकडे बघत होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. अजून कुणालाच सांगितलेली नाही.

सकाळीच सलमाबादच्या लेबर कॅम्पवर धाकट्याचा फोन आला होता. "आबा गेले. दुपारी उरकतोय, तुझ्यासाठी थांबता येणार नाही." लीव्ह मिळाली, पण विमानात जागा नव्हती. ऑफिसातला माणूस म्हणाला, "आज मफी, काही नाही. परवा, इंशाल्ला." खोलीत बसवेना, म्हणून नेहमीच्या बसने सित्र्याला ड्यूटीवर गेलो. आमचे फोरमन म्हणजे रत्नागिरीकडचे वयस्कर चाचा. त्यांनी मला कामाला हात लावू दिला नाही. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या कुंपणाबाहेर किनाऱ्यावर घेऊन गेले. "इथं बस. रडून घे मोकळेपणानं. मी आहे मागं."

मी रडायलाच बसलो होतो. ओहोटी लागली आहे. पाणी लांब गेलंय, मागे ओली राखाडी वाळू चमकतेय आणि तिच्यातून नखाएवढे खेकडे वर येताहेत. एकेक जण वाळू तोंडाशी नेतो, मोहरीएवढी गोळी करून बाजूला ठेवतो, पुन्हा वाळू उचलतो. बघता बघता प्रत्येक बिळाभोवती गोळ्यांच्या ओळी फुटल्या, सगळा किनारा भरून गेला. भरती आली की सगळं पुसलं जाणार. त्यांना त्याचं काहीच नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मी कुणाचा मुलगा, कुणाचा नोकर, काही उरलं नव्हतं. वाळू, ऊन आणि मी असे वेगळे राहिलोच नव्हतो. तुम्ही गेलात हे मी साफ विसरलो, आबा, आणि जन्मात कधी नव्हतो इतका सुखी होतो.

चाचांचा हात खांद्यावर आला. "सबर कर, पोरा." मी झटकन तोंड झाकून घेतलं, कारण मी हसत होतो. ओंजळीआड ते हसू काही केल्या जाईना. त्यांना वाटलं, मी हुंदके दाबतोय. त्यांचेच डोळे भरून आले.

गावी पोचलो तर आईने विचारलं, "तिथं एकटाच रडलास का रे?" मी हो म्हणालो. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. पुण्यानुमोदनाला लोक तुमच्याबद्दल सांगत होते, मास्तरांनी ना देव मानला ना चमत्कार. लहानपणी मी कुठल्याशा बुवाचा अंगारा लावून आलो, तेव्हा तुम्ही तो खसाखसा पुसून म्हणाला होतात, "समोर आहे ते बघ की आधी. तेवढं पुरत नाही तुला?" पुरलं, आबा. पण नेमकं त्याच दिवशी पुरावं, याची शरम वाटते. देव भेटला म्हणावं तर तुम्ही रागवाल, आणि दुसरा शब्द मला येत नाही.

हे पाठवायचं कुठे? पण एक सांगायचं राहिलं. आता मी कायमचा गावी आलोय. पाणी उतरलं की खाडीवर जाऊन बसतो. घरचे म्हणतात, याला बापाची आठवण येते. मी त्यांना तसंच वाटू देतो. खरं तर तिथे तुमची आठवण येत नाही, म्हणूनच जातो.