स्वारीचं कपाट

४ मार्च, मंगळवार

कपाट पडलं! ओट्यावरचं, काचेच्या दोन दारांचं. सकाळी पावणेआठला. सासूबाई बरोब्बर त्याच्या खाली उभ्या होत्या. बेल वाजली म्हणून दाराकडे वळल्या आणि मागे धडाड्! चार पावलं. एवढंच अंतर.

वरच्या मजल्यावरच्या बाई आमचं चुकून त्यांच्याकडे गेलेलं पत्र द्यायला आल्या होत्या. माणसाचा जीव अशा फालतू गोष्टींवर वाचतो.

मी अंघोळीत. ओल्या केसांनी धावले. ओटाभर काच, साखर, पीठ, मीठ, सगळ्याचा काला. सासूबाई दारात पत्र धरून उभ्या, पांढऱ्याफटक.

भिंत बघितली. दोन भोकं. दोन! एवढ्या मोठ्या धुडाला दोन स्क्रू, आणि तेही करंगळीच्या दोन पेरांएवढे. ही आमच्या स्वारीची कलाकृती. नऊ वर्षांपूर्वी अख्खा रविवार घालवून केलेली. नंतर आठवडाभर येईल त्या पाहुण्याला ओट्यापाशी नेऊन दाखवत होता. जसं काही धरणच बांधलंय!

आता स्वारी इथे नाही. दोन वर्षं झाली, ऑफिसातल्या एका बाईकडे राहायला गेली. जाताना शर्ट, बूट, रेडिओ, दाढीचा ब्रश सगळं आठवणीनं नेलं. आई तेवढी विसरला.

ती माझ्याकडे. लोक म्हणतात, किती मोठं मन तुझं, नवरा गेला तरी सासूला सांभाळतेस! मी नाही म्हणत नाही.

आणि सासूबाईंचं पहिलं वाक्य काय? "भिंतच पोकळ असेल गं. त्याचा काय दोष?"

काचेच्या ढिगात उभं राहून!

५ मार्च, बुधवार

सुतार आला. कपाटाकडे कमी, माझ्या खांद्यावरून आत जास्त बघत होता. शेवटी म्हणाला, "साहेब कधी भेटतील?" त्याला तसाच परत पाठवला.

६ मार्च, गुरुवार

सासूबाईंनी गॅलरीत जाऊन हळूच फोन लावला. हळूच म्हणजे खालच्या रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या हळूच. ऐकायला कमी येतं, म्हणून सगळ्या जगालाच कमी येतं असं वाटतं त्यांना.

मग स्वारीचा मला फोन. "मी येतो रविवारी. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचं! नऊ वर्षांपूर्वीही पाच मिनिटांचंच होतं.

मी म्हटलं, "तू येऊ नकोस."

"आईनं बोलावलंय," म्हणाला.

फोन ठेवल्यावर सासूबाई मला म्हणतात, "निदान तोंडावर तरी अहो म्हण." एकवीस वर्षं म्हटलं अहो. तो गेला त्या दिवसापासून अरे-तुरे. हा एक पगारवाढीसारखा हक्क मी स्वतःच स्वतःला दिलाय.

७ मार्च, शुक्रवार

कामावरून येताना हार्डवेअरच्या दुकानात गेले. उखडलेला स्क्रू आणि तो ज्यात पिळतात ती भोकातली प्लास्टिकची गिट्टी पिशवीतून नेली होती. काउंटरवर ठेवली.

दुकानदार: "घरात कोणी माणूस नाही का?"

मी: "आहे. तुमच्यासमोर उभी आहे."

 मग चष्मा लावून गिट्टी उलटीसुलटी केली. "ही विटेत गेलीच नव्हती बाई. नुसत्या गिलाव्यात होती. बघा, लाल कण एकही नाही. सगळी पांढरी." आणि वर, "नऊ वर्षं टिकलं? नशीब म्हणा."

म्हणजे इतकी वर्षं आमच्या डोक्यावर दीड-दोन मण वजन बोटभर जाडीच्या गिलाव्यानं धरलं होतं. आणि मी रोज त्याच्याखाली उभं राहून पोळ्या लाटत होते!

माणूस उद्धट, पण कामाचा निघाला. त्यानं उपाय कागदावर काढून दाखवला. एक जाड लाकडी पट्टी लांबीला तिरकी चिरायची, म्हणजे दोन तिरप्या कडांच्या पट्ट्या होतात. एक भिंतीला, तिरपी कड वर. दुसरी कपाटाच्या पाठीला, कड खाली. मग कपाट उचलून पट्टीवर पट्टी अडकवायची. जेवढं वजन जास्त, तेवढं घट्ट बसतं.

"जमेल तुम्हाला?" म्हणाला.

मी गणवेशाच्या कारखान्यात कापड बेतते. एका वेळी चाळीस थर. अर्धा सेंटीमीटर चुकला की चाळीस पोरांच्या बाह्या आखूड. मला विचारतो, जमेल का!

९ मार्च, रविवार

स्वारी आली. अकरा म्हणाला होता, पाऊण वाजता उगवला. हातात नवंकोरं ड्रिल मशीन, खोक्यासकट. शर्टाचं मधलं बटण तुटलेलं, कॉलरला मळाची रेघ. वजन उतरलंय. मला तर बरंच वाटलं.

सासूबाईंची नुसती धांदल. पाणी दे, पंखा लाव, बस इथे. जसा काही आगीतून आम्हाला सोडवायला आलाय.

स्वारी ओट्यावर चढली. भिंतीवर टकटक केलं, डॉक्टर छातीवर करतो तसं. मग खिशातून काय काढलं? काडेपेटी! जुन्याच भोकांत काड्या कोंबून, वर लांबीचा लगदा भरून, त्यातच स्क्रू पिळणार.

"हे काय?" मी विचारलं.

"भोक सैल झालंय. काड्यांनी आवळून बसतं."

"वीट कुठे लागते ते बघितलंस?"

"वीट काय बघायची? भिंत म्हटली की वीट असणारच."

"खाली उतर."

"अगं, दोन मिनिटं—"

"उतर! तुझी आई मरता मरता वाचली, कळतंय का तुला? चार पावलांनी वाचली."

तो उतरला. रागावला नाही, हे विशेष. आधी रागवायचा, आदळआपट करायचा. आता नुसता उभा राहिला, हातात काडेपेटी. मग सासूबाईंकडे बघून म्हणाला, "ती गेली, आई. पाच महिने झाले. मी एकटाच असतो."

मी हसले. खरंच हसले, लपवलं नाही. घर सोडून ज्या बाईकडे गेला, तिलाही दीड वर्षातच कंटाळा आला! मी एकवीस वर्षं काढली. मलाच कुणीतरी पदक द्यायला हवं.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताट वाढलं. तो ओट्याशीच उभा राहून जेवला, मान खाली घालून, चौथ्या पोळीलाही नाही म्हणाला नाही. जाताना मशीन इथेच ठेवून गेला. "तुला लागेल," म्हणाला.

लागेलच. पण आभार मानायला मी काही बांधलेली नाही.

११ मार्च, मंगळवार

लाकडाच्या वखारीत पट्टी चिरून घेतली. तिथेही तेच. "साहेबांना पाठवा, माप समजावून सांगतो." मीच त्याला माप समजावून सांगितलं. दोनदा.

१२ मार्च, बुधवार

कपाटाचा एक कोपरा उघडला होता. सरस भरून, कारखान्यातल्या कापडाच्या पट्ट्यांनी करकचून बांधून ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिणीसारखं दिसतंय." मला हसू आलं, पण दाखवलं नाही. रविवारचा राग अजून बाकी होता.

१५ मार्च, शनिवार

लावलं!!

सगळं लिहून ठेवते. सुट्टी काढली होती. सकाळी जुनी भोकं खरवडून लांबीनं बुजवली, ती कायमची. नळाची आणि विजेची लाईन कुठून जाते ते आधी पाहून घेतलं आणि तेवढा पट्टा सोडून खुणा केल्या. चार खुणा. दोन नव्हे!

पाणसळ सासूबाईंच्या हातात दिली. "बुडबुडा दोन रेघांच्या मधे आला की सांगा," म्हटलं. मला वाटलं, यांना काय दिसणार! पण डोळ्यांनी पक्क्या आहेत. "डावीकडे वर. अजून. अगं जरा थांब की! हां. आता हलशील तर याद राख." सासूपण असं कुठूनही उगवतं.

मग ड्रिल. पहिलं भोक. आधी पांढरी भुकटी. पांढरी, पांढरी... आणि मग एकदम मशीनचा आवाज बदलला, जड झाला, आणि लाल भुकटी बाहेर आली. वीट!

"लाल आली, आई!" मी ओरडलेच.

"आली का? बघू!" त्यांनी बोटावर घेऊन पाहिली. चष्म्यावरही उडाली थोडी.

चारही भोकांत लाल. लांब गिट्ट्या, बोटभर लांब स्क्रू. पट्टी बसली. मग मी ओट्यावर उभी राहून दोन्ही हातांनी पट्टीला धरलं आणि पाय उचलले. लोंबकळले! पासष्ट किलो. सासूबाई किंचाळल्या, "खाली ये! कंबर मोडून घेशील!" पट्टी केसभरही हलली नाही. मी आणखी थोडा वेळ लोंबकळले. उगीचच. इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

कपाटाची दारं काढून ते हलकं केलं होतं. दोघींनी आधी ओट्यावर ठेवलं, मग पालथ्या डब्यांवर, मग शेवटची चार बोटं मी खांद्यानं रेटलं आणि त्यांनी डोळे बारीक करून सांगितलं, "आता सोड." पट्टीवर पट्टी बसली. टक्! खालून दोन स्क्रू, उचकटून वर निघू नये म्हणून.

सासूबाई मागे सरून बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "तू एकटीनं केलंस."

"तुम्ही होतात ना," मी म्हटलं.

"मी नुसता बुडबुडा पाहिला."

मला वाटलं, आता तरी म्हणतील की त्यांच्या मुलाला जन्मात जमलं नसतं. नाही म्हणाल्या. हट्टी बाई!

१६ मार्च, रविवार

सामान लावलं. जड खाली, हलकं वर. पाण्याच्या निमित्तानं तीनदा उठून बघून आले. हो, गर्व आहे. असू दे.

१८ मार्च, मंगळवार

सासूबाई गेल्या. स्वारीकडे.

काल संध्याकाळी साडीच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "उद्या त्याला बोलावलंय." मला वाटलं, चार दिवस राहून येतील. "नाही गं. राहायलाच जाते."

मी म्हटलं, "ज्यानं तुम्हाला टाकलं, त्याच्याकडे?"

"त्यानं कुठे टाकलं? न्यायला आला होता. दोनदा. तू कामावर होतीस. मीच नाही गेले. म्हटलं, ही एकटी पडेल, धड जेवायचीसुद्धा नाही." घडीवरून हात फिरवत राहिल्या. "आता तुझं तुला सगळं येतं. त्याला काहीच येत नाही."

मी पुढ्यात बसून उरलेल्या साड्यांच्या घड्या घातल्या.

सकाळी तो वर आला नाही, खाली गाडीपाशीच थांबला. बॅग मीच उतरवली. डिकीचं झाकण त्याच्यानं लागेना. दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा आपटलं. मी बॅग जरा आत सरकवली आणि झाकण दाबून लावलं.