घड्याळवालीशेजारची माझी कुपी

मी खाली सही करणारी, धंदा शिंप्यांच्या कपड्यांना हाताने काजं करून देणे, शिक्षण चौथी, नवरा हयात नाही, एक मुलगा, एक मुलगी, एक नात, असं लिहून ठेवते की माझ्या पश्चात घरात भांडणं होऊ नयेत. ती आधीच सुरू आहेत, म्हणून निदान वाढू नयेत.

माझी बुद्धी शाबूत आहे. मला हाडांच्या मज्जेचा कॅन्सर आहे, डोक्याला काही झालेलं नाही. पण आठवड्यातून एक दिवस मला स्टेरॉइडची गोळी असते आणि त्या दिवशी मी फार खूश असते. मांडणी धुऊन काढते, दूधवाल्याला थांबवून गप्पा मारते, मागेल त्याला मागेल ते देऊन टाकते. उद्या मुलाने म्हणू नये की आईने गोळीच्या भरात लिहिलं. म्हणून हे मी दोनदा लिहिलं. एकदा गोळीच्या दिवशी, आणि एकदा गोळी उतरल्यावर, जेव्हा उठून पाणी प्यायचंही जिवावर येतं. दोन्ही वेळा जे सारखं आलं ते इथे ठेवलं आहे. फरक पडला तिथे तसं सांगेन.

अक्षर वाकडं आहे त्याला वय कारण नाही. औषधाने बोटांची टोकं बधिर झाली आहेत. पेन हातात आहे की नाही ते बघून कळतं.

कलम एक. घर. पुढची खोली, मागची खोली आणि सज्जा, मुलगा आणि मुलगी दोघांना निम्मं निम्मं. विकायचं झालं तर दोघांनी एकत्र बसून ठरवावं. एकत्र म्हणजे एका खोलीत, समोरासमोर. सूनबाईच्या हाती निरोप पाठवून नाही. ती बिचारी निरोप नेऊन आणून दमली आहे.

कलम दोन. बँकेत जे काही उरेल ते नातीला. फार नाही. ती हसेल. हसू दे, हसली की आजोबांसारखी दिसते.

कलम तीन. हत्यारं. सुयांचा डबा, मेणाचा गोळा, काज फाडायची छिन्नी आणि अंगुस्तान मुलीला. तिला काजं येत नाहीत. पण लहानपणी अंगुस्तान बोटात घालून ती टेबलावर टकटक करत बसायची आणि मी खेकसायचे. आता खुशाल कर, बाई.

मोठी कात्री कोपऱ्यावरच्या शिंपीमास्तरांकडे आहे. एका दिवसासाठी म्हणून नेली, तेव्हा माझे केस काळे होते. ती कात्री मी त्यांनाच देते, म्हणजे ती आता रीतसर त्यांची झाली आणि त्यांना माझ्याकडे बघून रस्ता ओलांडायची गरज उरली नाही.

कलम चार. जाऊबाईंना पितळेचं मोठं पातेलं. गोळीच्या दिवशी पातेलं आणि माफी दोन्ही लिहिली होती. गोळी उतरल्यावर माफी खोडली. पातेलं राहू दे. कारण त्यांना माहीत आहे.

कलम पाच. हे नीट वाचावं. हे मुलासाठी आहे, आणि बाकी सगळं फुटलं-विकलं तरी चालेल, पण हे मोडू नये.

दुखणं निघालं तेव्हा मोठ्या इस्पितळात एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. मुलीने मला तिथे नेलं. मुलाला कळलं तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बहिणीला म्हणाला, "उंदरांवर करायचं ते तू आईवर करतेस?"

ती म्हणाली, "मग तू सांग दुसरं काय करायचं."

त्याने तिच्याशी अबोला धरला, त्याच्या वडिलांसारखा. तो अबोला अजून चालू आहे. मी तिथेच पाटावर भाजी निवडत होते. मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की संमतीचा कागद मी दोनदा वाचून घेतला, नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं हेही ऐकलं, आणि मग सही केली. मुलगी फक्त रिक्षा आणायला गेली होती. तेव्हा तिच्यावरचा राग, मुला, पत्ता चुकून गेला आहे.

सही केली त्या सकाळी इस्पितळातल्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई होती. मोठी पिशवी, जाड चष्मा, पिशवीत गजराचं घड्याळ. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा आणि हिच्या घड्याळाचा गजर मात्र वेळी-अवेळी व्हायचा. तिचं नाव आधी पुकारलं आणि नेमका गजर सुरू झाला. ती पिशवीत हात घालून चाचपडतेय, बाकावरचे सगळे बघतायत. मला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, हे मेलं बंद होईना."

मी पुढे झाले.

आत कोणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवत नाहीत. कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो. निम्म्यांना नेहमीची औषधं, निम्म्यांना तीच औषधं आणि वर नवीन इंजेक्शन. मला नवीन लागलं. माझ्यामागून ती गेली, तिला नेहमीचं. बाहेर आल्यावर मी तोंड पाडून बसले तर मलाच म्हणते, "नवी वस्तू मला लाभत नाही हो. नवरासुद्धा जुनाच चालवतेय."

मग आमच्या खुर्च्या कायम शेजारी. सलाईन लागलं की ती मला काजवाली म्हणायची आणि मी तिला घड्याळवाली. तिच्या गजरावर अख्खा वॉर्ड गोळ्या घ्यायचा, चुकीच्या वेळी. चाचणीचं काम बघणारी ताई ओरडायची, "आजी, ते घड्याळ आधी बाहेर ठेवा." ती म्हणायची, "घड्याळ गेलं तर मीही जाईन, मग तुमच्या चाचणीत एक माणूस कमी." बोलायला मी कमी नाही, पण तिच्यापुढे मी ऐकणारी.

तिच्या रक्तातला तो वाईट आकडा खाली आला आणि मग वर चढायला लागला. माझा खालीच राहिला. तिची खुर्ची रिकामी झाली तेव्हा मी ताईला विचारलं, "मी पुढे झाले नसते तर ते इंजेक्शन तिला मिळालं असतं ना?"

ताई म्हणाली, "कोणाला काय लागेल ते आम्हालाही आधी माहीत नसतं, आजी. आणि नवं जास्त चांगलं आहे का, तेच तर तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. तुमचं बघून एकटं काही कळत नाही. त्यांचंही बघावं लागतं. दोघींचं शेजारी ठेवलं की कळतं."

हे मी विसरले नाही. आम्हा दोघींच्या कमरेच्या हाडातून जी मज्जा काढायचे, ती छोट्या कुप्यांमध्ये भरून एका फार थंड कपाटात ठेवली आहे. ताईने काचेतून लांबून दाखवलं. माझी आणि तिची एकाच दिवशी भरलेली, म्हणून एकाच खणात, शेजारी शेजारी. खुर्च्या होत्या तशा.

आता माझाही आकडा चढतोय. डॉक्टरांनी खुर्ची ओढून समोर बसून सांगितलं, तेव्हाच मला कळलं होतं. उभे राहून सांगायचे तेव्हा बातमी बरी असायची. इंजेक्शन थांबलं, गोळी तेवढी चालू ठेवली आहे, अंगाला बरं वाटावं म्हणून. निघताना शेवटची एक कुपी देता का असं विचारलं, सक्ती नाही. मी दिली. दुखलं. मरणोत्तर त्या वापरायला हरकत नाही, यावरही सही केली.

मुलाने चाचणीवाल्या ताईला फोन करून सांगितलं आहे की आई गेल्यावर तो अर्ज करून माझ्या सगळ्या कुप्या परत मागणार. मला ताईने नाही, त्यानेच सांगितलं, खाली मान घालून. "तिथे तुझे तुकडे ठेवायचे नाहीत मला." मी रागावले नाही. माझ्या लेकराला मी सबंध हवी आहे, एवढंच आहे ते. पण बाळा, मी सबंध आता कुठेच नाही. थोडी तुझ्यात आहे, थोडी तुझ्या बहिणीत, बोटांची टोकं आधीच गेली. आणि थोडी त्या खणात आहे, ती तिथे कामाची आहे. ती काढलीस तर शेजारची एकटी पडेल. तिचं दुखणं, तिचं जाणं, सगळं नुसतंच होऊन जाईल, कारण मोजायला शेजारी मी नसेन.

म्हणून या कलमाने सांगते की माझ्या कुप्या परत मागू नयेत. मागायच्याच असतील तर आधी घड्याळजींच्या दुकानात जावं, स्टुलावर बसावं, आणि तुमच्या बायकोशेजारून माझ्या आईला उचलून आणतो असं त्यांना तोंडावर सांगावं. सोबत बहिणीला न्यावं. अशी अट कायद्यात बसत नाही असं कोर्टासमोरचे टायपिस्ट म्हणाले, म्हणून त्यांच्याकडून टाईप करून घेतलं नाही. हाताने लिहिलं आहे. हे कलम दोन्ही दिवशी शब्दाला शब्द सारखं आलं.

साक्षीदार पहिले: आमच्या गल्लीतले डॉक्टर. मी शुद्धीत आहे अशी त्यांनी खात्री केली. वार विचारला, तो सांगितला. मग त्यांच्या शर्टाचं वरून दुसरं काज उसवलंय हेही सांगितलं. त्यांनी सही केली.

साक्षीदार दुसरे: घड्याळजी. खरं तर इथे घड्याळवालीची सही व्हायची होती. तिच्या कागदावर मी साक्षीदार आणि माझ्यावर ती, असं खुर्च्यांवर बसून ठरलं होतं. तिच्यावर मी केली. आता तिच्या जागी हे आले. त्यांनी डोळ्याला भिंग लावून सगळं वाचलं, सावकाश. पुढे होण्याचं वाचून झालं तसं मी विचारलं, "त्या दिवशी घरी येऊन, मी तिच्या नंबरावर पुढे झाले त्याचं काही बोलली होती का?"

"नंबराचं नाही," ते म्हणाले. "मी घड्याळ दुरुस्तीला घेतलं तर हातातून ओढून घेतलं. म्हणाली, याला हात लावू नका, याच्यामुळे आज एक बाई ओळखीची झाली."

मग त्यांनी सही केली. मीही केली, खाली, वाकडी आहे पण माझीच आहे.

ठिकाण: मागची खोली, खिडकीजवळ.

दिनांक: आजचा. गोळीचा दिवस नाही. तरी खूश आहे.